तोरण बांधायच्या आधी उतरवायची तारीख ठरवा

सोयाबीन अजून वावरात उभं असतं, शेंगा नुकत्या पिवळ्या पडायला लागलेल्या असतात, आणि तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या दुकानांपुढे सिरीजच्या माळा लोंबायला लागतात. गणपती उठले की त्याच माळा दुर्गादेवीच्या मंडपावर चढतात, तिथून दिवाळीला घरांवर येतात, आणि पुढे उतरवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून डिसेंबर उजाडला तरी लुकलुकत असतात. नागपुरात तर दिवाळीचा कंदील ज्या हुकाला होता त्याच हुकाला महिन्याभरात नाताळचा तारा लागतो. मधे अंधार असा राहिलाच नाही.

शहराचं हे वेळापत्रक खेड्यानं जसंच्या तसं उचलू नये. गावातली रोषणाई वसुबारसेला लागावी, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उतरावी, आणि या दोन्ही तारखा ग्रामसभेत आधी ठरलेल्या असाव्यात. का, हे सांगताना संस्कृतीपेक्षा ओलावा, तार आणि बांबू यांच्याबद्दलच जास्त बोलावं लागणार आहे.

ही घाई पश्चिमेकडून आली असं म्हणून हात झटकायची सोय नाही, कारण ज्यांचा नाताळ त्यांच्याकडेही हीच कुरकुर चालू आहे. ख्रिस्ती पंचांगात नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधेच येतो. सजावट काढायचा दिवसही ठरलेला. इंग्लंडात ती बाराव्या रात्री, म्हणजे ५ किंवा ६ जानेवारीला उतरते. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, झाड घराबाहेर निघतं. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर नाताळची रोषणाई पहिल्यांदा झाली १९५४ साली, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ साली. आज ती नोव्हेंबरच्या पूर्वार्धातच सुरू होते, आगमनकाळाच्या कितीतरी आधी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं झाड निदान थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उलटेपर्यंत थांबतं. म्हणजे तिथंही सणाची दोन्ही टोकं पक्की होती. दुकानदारीनं पुढचं टोक ओढून लांबवलं, मागचं टोक लोकांनी आळसानं सैल सोडलं.

आपल्याकडची दोन टोकं तर त्याहून स्पष्ट आहेत. कोजागिरीला काकडा सुरू होतो, त्रिपुरी पौर्णिमेला संपतो. तीस दिवस. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत अजूनही पहाटे मंदिरात काकड आरतीला माणसं जमतात. आकाशदिवाही मुळात याच महिन्याचा, कार्तिकातला, उंच काठीवर टांगायचा. मुलींच्या गाण्यांची भुलाबाई कोजागिरीला उठते आणि काकड्याचा दिवा लागतो, इतकं नेमकं गणित आहे. शिवाय पणतीचं स्वतःचं एक घड्याळ असायचं. बोटभर तेल, कापसाची वात, दोन-अडीच तास. तेल संपलं की दिवा शांत, कोणाला उठून बटण दाबावं लागत नसे. एलईडीच्या माळेत तेल संपत नाही. विझवायचं काम माणसावर आलं आणि तिथंच गाडी अडली.

पण आपल्या विदर्भात तारखेचा प्रश्न खरा कुठं बोचतो, तर बाजार समितीच्या काट्यावर.

जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेलं सोयाबीन शंभर दिवसांच्या आगेमागे सोंगणीला येतं. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. परतीचा पाऊसही साधारण तेव्हाच निघायच्या बेतात असतो, कधी जाता जाता दोन तडाखे देऊन जातो. सोंगलेलं पीक गंजी लावून ठेवायचं, उघडीप मिळाली की मळणी. मळणी झालेल्या दाण्यात तेव्हा १६, १८, कधी २० टक्के ओलावा असतो. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाहीत.

आता हिशेब बघा. १८ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८२ किलो. तोच दाणा १२ टक्क्यांवर आणला तर वजन भरतं ९३ किलो २०० ग्रॅमच्या जवळपास. घट झाली ६ किलो ८०० ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर या घटीची किंमत सुमारे ३६३ रुपये. ओल्या मालावर भावात एवढी कपात न्याय्य म्हणता येईल. त्याहून जेवढी जास्त कपात होते ती ओलाव्याची नसते, घाईची असते. आणि ही घाई टाळायला लागतं काय? ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून तीन-चार वेळा पायानं किंवा दाताळ्यानं फिरवायचा, संध्याकाळी ढीग करून झाकायचा, आणि दोन-तीन दिवसांचं कडक ऊन.

हे दोन-तीन दिवस मिळत नाहीत याची कारणं बरीच आहेत हे मान्य. सोंगणीची मजुरी रोख द्यायची असते, मळणीयंत्रवाला थांबत नाही, हरभऱ्याचं बियाणं-खत घ्यायचं असतं, सावकार आणि बँक दोघंही दारात असतात. रोषणाई उशिरा लागली म्हणून यातलं काही टळत नाही. पण त्या यादीत ‘दिवाळीची खरेदी’ हे कारणही असतं, आणि ते एकटंच असं आहे की ज्याची तारीख आपल्या हातात आहे. गल्लीत चार घरांवर लायटिंग चढलं की पाचव्या घरातली पोरं दारात उभी राहतात. कपडे, फटाके, माळ, सगळं एका झपाट्यात मागितलं जातं, आणि ज्या पोत्याला अजून दोन-तीन दिवस ऊन द्यायचं होतं ते बंडीत पडतं.

दिवाळी स्वतः मागेपुढे होते, तो तिथीचा भाग. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, कारण मधे अधिक महिना आला. म्हणजे २०२६ च्या पंचांगानं शेतकऱ्याला अठरा दिवस जास्तीचे दिले. ते अठरा दिवस सुकवणीला वापरायचे की नवरात्रापासूनच दिवे लावून बाजाराच्या हवाली करायचे, एवढाच प्रश्न आहे. शहरात पगार एक तारखेला येतो, बोनस दिवाळीच्या आधी येतो. तिथं सजावट पंधरा दिवस आधी लागली तर फार तर उधारी वाढते. खेड्यात पैसा पिकातून येतो, आणि पीक कॅलेंडर बघून वाळत नाही.

सोयाबीनचं हे झालं, कापसाचं वेगळं. पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा करून बाया वावरात शिरतात ते साधारण दिवाळीच्या आगेमागेच, आणि वेचे पुढे जानेवारीपर्यंत चालतात. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच असतो. माजघरात, ओसरीवर, कधी झोपायच्या खोलीत छताला टेकेल इतका. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर माल परत. म्हणून सुरुवातीचा ओलसर वेचा तर ठेवावाच लागतो. आता हे चित्र डोळ्यापुढे आणा. खिडकीतून आत आलेली सिरीजची तार, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर, त्याला चिकटून कापसाचा ढीग. एलईडी स्वतः फारशी तापत नाही हे खरं. तापते ती सैल पिन, टेप गुंडाळलेला जोड, आणि माळेचा तो छोटा काळा डबा, ज्याच्यात लुकलुकायची करामत असते. कापसाला ठिणगी पुरते, आणि आग वरून विझलेली दिसली तरी ढिगाच्या पोटात धुमसत राहते. कापूस घरात असेल तर त्या खोलीत सणाची एकही तार नको, बोर्डही नको. हा नियम ग्रामसभेच्या ठरावाचीही वाट बघत नाही. गंजीचंही तेच. गंजी गावाला लागून असेल तर बाण उडवायची जागा वाऱ्याच्या उलट दिशेला, शाळेच्या मैदानात, आणि पाण्याचा एक ड्रम भरून ठेवलेला.

कापसाला आणखी एक शत्रू आहे, चमकी. मंडपाच्या झिलमिल पट्ट्या आणि प्लॅस्टिकची पताका महिनाभर उन्हात तडकली की तिचे तुकडे वाऱ्यावर उडतात आणि गावाला लागून असलेल्या पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, अडकतात. वेचणारीच्या हातात बोंडाबरोबर तो तुकडा येतो. जिनिंगमध्ये प्लॅस्टिक आणि रंगीत धागा कापसात निघणं ही आपल्या कापसाची जुनी बदनामी आहे. सुतात गेलेला तुकडा पुढे रंग धरत नाही आणि कापडावर डाग दिसतो. ज्या गावाचं पोट कापसावर आहे त्यानं नोव्हेंबर-डिसेंबरात पराटीच्या कडेला चमकी फडकवत ठेवणं म्हणजे आपल्याच दुधात आपणच माती टाकणं आहे. कापडी पताका किंवा आंब्याच्या पानांचं तोरण घ्या. ते दिसायलाही बरं.

उजेडाचा पिकावर परिणाम होतो, असं म्हटलं की लोक हसतात. हसू नये. सोयाबीन आणि तूर ही दोन्ही रात्र लांबली की फुलावर येणारी पिकं आहेत. रात्रभर दिव्याच्या झोतात राहिलेल्या सोयाबीनच्या ओळी बाकी वावर पिवळं पडलं तरी हिरव्याच राहतात, उशिरा पक्व होतात. रस्त्याच्या दिव्याखाली हे कोणालाही दिसेल. तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलाच्या तयारीत असते. घरावरच्या सिरीजच्या मिणमिणीनं काही बिघडत नाही, इतकं प्रामाणिकपणे सांगायला हवं. बिघडतं ते मंडपाच्या कोपऱ्यावर बांधलेल्या १००-२०० वॅटच्या फ्लडलाइटनं, जो पेंडॉलकडे कमी आणि शेजारच्या तुरीकडे जास्त बघतो. त्याचं तोंड खाली आणि गावाच्या बाजूला वळवायचं, रात्री अकराला बंद करायचा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या पट्ट्यात याच दिवसांत हिरवे तुडतुडे दिव्यावर थव्यानं येतात, हे तिकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

भंडारा-गोंदियाकडच्या या झाडीपट्टीचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवायला हवं की सगळ्या विदर्भाला एक तारीख चालणार नाही. तिकडे भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, गावोगाव दंडार, रात्रभराचं नाटक, आणि नाटकांचा हंगाम पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. ज्या गावाची मंडई त्रिपुरीनंतर आहे त्यानं मंडईच्या दोन दिवसांपुरते दिवे पुन्हा लावावेत. तारीख आपापल्या गावाची असावी. ती असावी, एवढंच.

आता तारेकडे. रोषणाई जितके जास्त दिवस राहते तितकी धोक्याची होते, हा नुसता अंदाज नाही, माळेच्या बनावटीतच ते आहे. आपण घेतो त्या स्वस्त सिरीजमध्ये एका गटात साठ-सत्तर एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात. प्रत्येकीच्या वाट्याला तीनएक व्होल्ट येतात आणि उरलेला दाब रेझिस्टर खातो. एक एलईडी मेली की तेवढा गट काळोखात जातो, बाकीचे गट चालू राहतात. मग घरचा कारागीर काय करतो? मेलेली एलईडी कापून दोन टोकं पिळून जोडतो. पेटली की खूश. पण उरलेल्यांच्या वाट्याला थोडे थोडे जास्त व्होल्ट आले, त्या लवकर मरतात, पुन्हा काप, पुन्हा जोड. महिन्याभरात माळेला आठ-दहा जोड होतात, प्रत्येक जोडावर साधी चिकटपट्टी. चिकटपट्टी वीज अडवायला केलेली नसते. दवानं ओली झाली की सुटते. जुन्या माळेतली एलईडी काढून मेलेलीच्या जागी बसवा, आणि जोडाला पीव्हीसीची काळी टेप, तीही दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर न आणता दोन-तीन इंच पुढेमागे करून.

आपल्याकडची वेगळी अडचण म्हणजे टीन. निम्म्या घरांचं छप्पर टिनाचं, आणि टिनाची कड सुरीसारखी. वाऱ्यानं माळ हलत राहते, कड घासत राहते, केसाएवढ्या तारेवरचं पातळ आवरण पंधरा दिवसांत कापलं जातं. मग फेज टिनाला लागतो. टिनाला बांधलेली कपडे वाळवायची तार जिवंत होते. सकाळी ओलं लुगडं त्या तारेवर टाकणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसतं. उपाय फुकटात आहे. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळीचे हातभर तुकडे घ्या, लांबीत चिरा, टिनाच्या कडेवर टोपीसारखे बसवा आणि माळ त्यावरून घ्या. भंगारात पडलेली लॅटरल प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर सापडते. आणि कपड्यांची तार सणापुरती सोडून सुताची दोरी बांधा.

बाकीची काळजी अशी. मंडपाला किंवा चौकातल्या रोषणाईला खांबावर आकडा टाकायचा नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकड्याला संरक्षण नसतं. शॉर्ट झालं तर थेट डीपीचा फ्यूज जाईपर्यंत तार जळत राहते. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देतं, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्या जोडणीवर ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलाच पाहिजे. एमसीबी तार वाचवतो, माणूस वाचवतो तो ईएलसीबी. दोन्ही एकच समजून एकावर भागवतात तिथं घात होतो. मुख्य तार दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, दुहेरी आवरणाची. माळेला माळ जोडत गेलात तर तीनच्या पुढे जाऊ नका, चौथी स्वतंत्र पिनवर. पिनेपाशी येणारी तार आधी खाली झोल घेऊन मग वर यावी, म्हणजे दवाचं पाणी झोलावरून टपकतं, बोर्डात उतरत नाही. दोन टोकांची पिन उलटीसुलटी कशीही बसते, त्यामुळे माळेच्या तारेवरचं बटण बंद केलं तरी माळेत फेज उभा असू शकतो. हात लावायच्या आधी पिन उपसायचीच. लाइट मंद-तेज व्हायला लागली, पंखा अचानक भरारा फिरायला लागला, तर न्यूट्रल सैल झालाय असं समजा, सगळं बंद करा आणि १९१२ वर कळवा. न्यूट्रल पूर्ण तुटला तर दोन फेजमधले चारशे व्होल्टही घरात शिरू शकतात, आणि मग माळेसोबत टीव्ही आणि फ्रीजही जातो.

काळ्या मातीनं केलेले दोन घात तर आपल्या भागात हमखास बघायला मिळतात. पहिला अर्थिंगचा. पावसाळ्यात चिंब असलेली माती नोव्हेंबरात भेगाळायला लागते, अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, आणि ऑक्टोबरात ठीक असलेली अर्थिंग डिसेंबरात नावालाच उरते. रॉडच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. दुसरा बांबूचा. नवरात्रात ओल्या जमिनीत फूटभर खुपसलेला बांबू तेव्हा घट्ट वाटतो. माती आकसली की बुडाशी बोटभर फट पडते, कमान हळूहळू रस्त्यावर झुकते, आणि एक दिवस कापसाची गाडी तिला सोबत घेऊन जाते. खड्डा अडीच-तीन फुटांचा घ्या, भरताना काळी माती नको, मुरूम आणि गिट्टी, दर सहा इंचांना ठोकून. रस्त्यावरून आडवं जाणारं तोरण १८ फुटांच्या खाली नको. जाळी लावून फुगवलेला कापसाचा मेटाडोर किती उंच असतो ते कोणाला मोजून सांगायची गरज नाही. ११ केव्हीच्या तारेखाली कमान उभी करायचीच नाही, मग जागा कितीही मोक्याची असो.

म्हणून आमचा भर तारखेवर आहे. हे सगळं वीस दिवस नीट सांभाळता येतं. शंभर दिवस कोणी सांभाळत नाही.

विजेची उधळपट्टी हा मुद्दा मुद्दामच मागे ठेवला, कारण तो तितका भक्कम नाही. घरावर चार माळा, प्रत्येकी ८ वॅट, सहा तास रोज. दिवसाला एक पंचमांश युनिटही होत नाही. वीस दिवसांत चारच्या आत, शंभर दिवसांत एकोणीस. एखाद्याचा महिन्याचा वापर शंभर युनिटच्या काठावर असेल तर वरच्या टप्प्याचा दर लागेल, एवढाच फटका. दिवाळीच्या दिव्यांनी डीपी जळतो असं म्हणणारे डीजेच्या भिंतीकडे आणि जुन्या हॅलोजनकडे बघत नाहीत. एक ५०० वॅटचा हॅलोजन साठ माळांएवढी वीज खातो.

विरोधाचे सूर ठाऊक आहेत. पहिला दुकानदाराचा. तो नागपुरातल्या इतवारीतून उधारीवर माल भरतो, उरलेला माल पुढच्या वर्षी जुन्या डिझाइनचा म्हणून पडून राहतो, त्यामुळे त्याला हंगाम लांब हवा. त्याचं म्हणणं रास्त आहे. पण गावानं दोन तारखा ठरवल्या तर माळा कमी खपत नाहीत, एकदम खपतात. त्यालाही नेमका अंदाज येतो. ग्राहकानं मात्र त्याच्याकडे स्वस्तातली माळ न मागता जाड तारेची मागावी. तो तीही ठेवतो, कोणी विचारत नाही म्हणून मागे असते.

दुसरा सूर जास्त वजनदार आहे. गल्लीत उजेड राहिला तर बायांना-पोरींना संध्याकाळी बाहेर पडायला बरं, विंचू-साप दिसतो, मग दिवे उतरवायची एवढी घाई का? इथं दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या जातात. रस्त्यावरचा दिवा ही गरज आहे आणि ती ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. घरावरच्या माळेनं ती भागवली की सरपंच सुटतो, आणि खांबावरचा गेलेला दिवा वर्षभर तसाच राहतो. लाल-निळ्या लुकलुकीत सापही धड दिसत नाही. रोषणाईची वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळानं आधी गल्लीतले बंद पथदिवे मोजून त्यांची यादी ग्रामपंचायतीत द्यावी. नंतर पावतीपुस्तक उघडावं.

तिसरा प्रश्न: ही तिथी फक्त हिंदू घरांची नाही का? दिव्यांच्या वीस दिवसांची चौकट गावाच्या चौकासाठी, मंडपासाठी आणि सार्वजनिक तारेसाठी आहे. अचलपूर-परतवाड्याकडे, मेळघाटात, इतर तालुक्यांतही ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्या दारातला तारा आगमनकाळात लागतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरतो, तेव्हा तारखा पाळण्यात ते आपल्यापेक्षा पुढेच आहेत. बुद्धविहारावर अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला रोषणाई असणारच. १९५६ साली नागपुरात जे घडलं त्याची ती आठवण आहे, तिला वसुबारसेची वाट बघायला कोण सांगेल? पण ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाला, त्याच गावाच्या चौकात दिवाळीची शिळी माळ लुकलुकत असते, ती कोणालाच खटकत नाही ही खटकणारी गोष्ट आहे. २० डिसेंबर हा गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा दिवस. बाबांनी खराट्यानं गाव झाडलं. त्यांच्या अमरावती जिल्ह्यात त्या सकाळी निदान तुटक्या पताका तरी खांबावर नसाव्यात. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीला दिवे लागतात आणि ते नव्यानं लागले तरच त्यांचा मान. तीन महिने चालू असलेल्या माळेखाली जयंती आणि पुण्यतिथी सारख्याच दिसतात.

आणि एक रीत आहे जी कुठं लिहिलेली नाही. गल्लीत मयत झाली की शेजारी आपापल्या घरावरचं लायटिंग बंद करतात. न सांगता. पण माळ आपोआप पेटणाऱ्या टायमरवर असेल, किंवा लावून इतके दिवस झाले असतील की ती आहे हेच घरच्यांच्या लक्षात नसेल, तर तेराव्यापर्यंत समोरच्या दारावर लाल-हिरवं चालूच राहतं. मुद्दाम कोणी करत नाही, म्हणून बोलताही येत नाही.

ठराव कसा असावा? लांबलचक नको. चार वाक्यं पुरतात. सार्वजनिक रोषणाई वसुबारसेच्या संध्याकाळी सुरू, रोज रात्री अकराला बंद. त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवसापासून दोन दिवसांत मंडळानं तार, बांबू, पताका उतरवायच्या; अनामत ठेवलेले पैसे खड्डे बुजवल्यावर परत. तात्पुरत्या जोडणीची पावती आणि ठेकेदाराचा अहवाल ग्रामपंचायतीत आधी जमा. चौथं वाक्य मंडपाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्यासाठी: सामान वेळेत नेलं नाही तर पुढच्या वर्षी गावाचं काम दुसऱ्याला. हे शेवटचं सगळ्यात लवकर कळतं. २०२६ मध्ये त्रिपुरी २४ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २५ आणि २६ उतरवणीला, आणि तोवर पराटीचे वेचे रंगात आलेले असतात, माणसं मिळायची मारामार. उतरवणीला कोण येणार त्यांची नावं लावतानाच लिहून घ्यावीत.

उतरवणंही कसब आहे. पिन उपसून, दव वाळल्यावर, सकाळी दहानंतर हात घाला. माळ ओढून काढू नका, गाठीगाठीनं सोडवा. पुठ्ठ्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळली तर पुढच्या वर्षी गुंता होत नाही. गुंडाळताना जिथं जोड आहे तिथं रंगीत दोरा बांधा, पुढच्या वर्षी आधी तेच जोड तपासायचे. पोत्यात ठेवू नका, उंदीर तारेचं आवरण कुरतडतात. पत्र्याचा डबा बरा. निकामी माळा थंडीत शेकोटीत टाकून तांबं काढायची पोरांना सवय असते. त्या धुरात आम्लाची वाफ असते, डोळे आणि छाती जळते, आणि तांबं निघतं चहाच्या पैशांएवढंही नाही. भंगारवाल्याला तशाच द्या. खड्डे त्याच दिवशी बुजवा, नाहीतर दुसऱ्या रात्री एखाद्या बैलाचा पाय जातो. बांबू मात्र ठेवून द्यायची गरज पडत नाही. हरभरा वर आलेला असतो, रानडुकरांचा फेरा सुरू झालेला असतो, आणि जागलीचं मचाण बांधायला प्रत्येकाला चार बांबू हवेच असतात.